दगडातला मासा खोल समुद्रातला होता, हे कशावरून?

घणसोलीहून एका आईनं विचारलं आहे: "माझी नववीतली मुलगी ज्ञानकोशात वाचत होती. स्कोपेलॉइडिस नावाची माशांची एक नामशेष प्रजाती, ऑलिगोसीन काळातली, 'खोल समुद्रात राहणारी', आणि जीवाश्म सापडले ते स्वित्झर्लंडच्या डोंगरात. ती विचारते, दगडावरचा चपटा ठसा बघून तो मासा किती खोल राहायचा हे कुणी कसं सांगेल? आणि आपल्या पारसिकच्या डोंगरात असं काही मिळेल का?"

पारसिकचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. नाही मिळणार. पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचे कडे, तुर्भ्याच्या खदानी, सगळा काळा पाषाण आहे, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तापलेल्या रसात मासा टिकत नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात कुठे तळी साचली, तर तेवढ्या पातळ थरात जीवाश्म सापडतात. वरळीच्या टेकडीतल्या अशाच एका थरातल्या इवल्याशा बेडकांचं वर्णन इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. पण ते गोड्या पाण्यातले जीव. खदानीतून लोक माझ्याकडे दोनच गोष्टी आणतात: पोटात स्फटिक असलेल्या गारगोट्या, आणि झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी उमटलेले दगड. ती नक्षी वनस्पतीची नसते. भेगेत झिरपलेल्या पाण्यातल्या मँगनीजची असते. ही नक्षी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता मुलीचा प्रश्न. मी एकतीस वर्षं तेल शोधणाऱ्यांसाठी काम केलं. समुद्रात विहीर खणताना वर येणारा दगडाचा चुरा धुवायचा, बारीक चाळणीवर उरलेली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची आणि तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या ओल्या ब्रशानं त्यातले जीवाश्म एकेक करून टिपायचे. हा थर साचला तेव्हा तिथे पाणी किती खोल होतं, हा प्रश्न मला रोज विचारला जायचा आणि उत्तर लेखी द्यावं लागायचं. म्हणून 'खोल समुद्रातला' हे दोन शब्द वाचले की मी आधी पुरावा मागतो. तुमच्या मुलीनंही तेच केलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी. एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात. स्कोपेलॉइडिस ही प्रजाती, आणि तिची सर्वात परिचित जाती ग्लॅरिसियानस. ऑलिगोसीन म्हणजे साधारण ३ कोटी ३९ लाख ते २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा काळ. ग्लॅरिसियानस हे नाव पूर्व स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस परगण्यावरून आलं. तिथल्या एंगी गावाच्या वर पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे. हो, आपण शाळेत ज्यावर पेन्सिलीनं गिरवायचो तीच पाटी. छपराची कौलं, टेबलांचे पृष्ठभाग आणि शाळेच्या पाट्या यांसाठी तिथला दगड शेकडो वर्षं फोडला गेला. काम करणाऱ्यांच्या हातात फुटलेल्या पाटीवर कधीकधी अख्खा मासा यायचा. स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांनी १८३०-४०च्या दशकांत या माशांचा अभ्यास करून भराभर जाती पाडल्या.

आणि इथेच पहिला धडा आहे. आल्प्स पर्वत उभा राहताना हा दगड प्रचंड दाबला आणि ताणला गेला. दगडाबरोबर आतला मासाही ताणला गेला. घरी करून पाहा: कणकेची जाड पोळी थापा, काट्यानं तिच्यावर एक मासा आडवा आणि एक उभा कोरा, मग लाटणं एकाच दिशेनं फिरवा. एक मासा लांबुडका आणि बारीक होईल, दुसरा आखूड आणि उंच. मुळात दोन्ही सारखेच होते. ग्लारुसच्या पाट्यांत हेच झालं होतं. तिथे अनेंकेलम नावाचा आपल्या वाकटीच्या कुळातला एक लांब पट्ट्यासारखा मासा सापडतो. दगडात तो ज्या दिशेनं पडला त्याप्रमाणे त्याचे वेगवेगळे आकार झाले, आणि अगासिझ यांनी त्यांच्या वेगवेगळ्या जाती केल्या. १८८६ मध्ये वेटस्टाइन या अभ्यासकांनी ही ताणाताण ओळखली आणि त्या जातींची संख्या खाली आणली. स्कोपेलॉइडिस हे प्रजातीचं नावही वेटस्टाइन यांचंच, त्याच वर्षीचं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मोजणीवर. कणीक कितीही लाटा, माशाच्या अंगावर तुम्ही दहा टोचे दिले असतील तर दहाच राहतात. मणके किती, पाठीच्या परातले काटे किती, शेपटीआधीचा पर कितव्या मणक्याखाली सुरू होतो, हे आकडे दाबानं बदलत नाहीत. जीवाश्म मासे पाहणारा माणूस आधी भिंग लावून मणके मोजतो, लांबीरुंदी नंतर. बाजारात पुढच्या वेळी वाकटी घेतलीत तर तिचा काटा साफ करून मणके मोजायला मुलीला सांगा. शंभराच्या पुढे जातील. त्या एका आकड्यावरूनच कूळ जवळपास कळतं.

हे झालं ओळखण्याबद्दल. खोलीचं काय? खोलीबद्दल बोलणारे साक्षीदार तीन: नातेवाईक, शरीर आणि दगड. सर्वात जास्त वापरला जाणारा साक्षीदार पहिला, आणि माझ्या मते सर्वात कच्चाही तोच. स्कोपेलॉइडिसला गोनोस्टोमाटिडी कुळात धरतात. या कुळातले आजचे मासे खुल्या समुद्रात, शेकडो मीटर खोल राहतात. त्यातला सायक्लोथोन हा बोटाएवढा मासा पृथ्वीवरचा सर्वात विपुल कणाधारी प्राणी मानला जातो, आणि तरी आपल्यापैकी कुणीही तो ताटात पाहिलेला नाही. नातेवाईक खोल पाण्यात, म्हणजे हाही खोल पाण्यातला, असा हा युक्तिवाद.

आता आपला बोंबील घ्या. आउलोपिफॉर्मिस गणातल्या (गण म्हणजे अनेक कुळांचा गट) या माशाच्या नात्यात तीन लांब काटे समुद्रतळावर टेकून उभा राहणारा तिपाई मासा आहे, मोठ्या दातांचा लान्सेटफिश आहे, सगळे खोल पाण्यातले. बोंबलाच्याच प्रजातीतला एक भाऊबंद जपानकडच्या समुद्रात कित्येकशे मीटर खाली राहतो. बोंबलाचं अंगही बघा: जवळजवळ नव्वद टक्के पाणी, काटे मऊ, तोंड कानापर्यंत फाटलेलं, आत मागे वळलेले सुईसारखे दात. खोल समुद्रातल्या माशाचं वर्णन पुस्तकात जसं असतं, अगदी तसं. आणि हा मासा आपले कोळी कुठे धरतात? किनाऱ्याजवळ, काही दहा मीटर पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोळ जाळ्यात. तीन कोटी वर्षांनी कुणाला बोंबलाचा ठसा सापडला आणि त्यानं फक्त नातं आणि दात पाहिले, तर तो त्याला खोल समुद्रात नेऊन ठेवेल. दिवाळे गावच्या जेट्टीवर बोंबलाची टोपली बघताना मला हे दर वेळी आठवतं. कुणाच्याही जीवाश्म माशाबद्दल घाईनं खोली लिहायला माझा हात धजावत नाही तो यामुळेच.

वाकटीची गोष्टही तशीच. तीच जात किनाऱ्याच्या उथळ पाण्यातही मिळते आणि साडेतीनशे मीटरच्या खालीही जाते. शिवाय वयाप्रमाणे तिची दिनचर्या बदलते: पिल्लं रात्री वर येतात, मोठ्या वाकट्या दिवसा. अनेंकेलमचा जवळचा नातेवाईक लेपिडोपस, समुद्राचा तळ किनाऱ्यापासून दूर जिथे खोल उतरू लागतो त्या उताराच्या वरच्या भागातल्या, काहीशे मीटर खोल पाण्यात राहतो, म्हणून अनेंकेलमही तिथला असावा असं म्हणता येतं. 'असावा' हा शब्द मात्र त्यातून काढता येत नाही.

नात्याचा धागा मागे नेताना आणखी एक अडचण आहे. आजचं घर हे पणजोबांचं घर असेलच असं नाही. कंदीलमासे, म्हणजे मिक्टोफिडी, आज खुल्या समुद्राच्या मधल्या थरात राहतात. पण त्यांच्या जीवाश्मांचा मोठा आढावा घेऊन स्वारझान्स आणि कार्नेवाले यांनी २०२१ मध्ये मांडलं, की या कुळातले सुरुवातीचे मासे किनाऱ्यालगतच्या मंचावर, म्हणजे तुलनेनं उथळ पाण्यात असावेत, आणि खुल्या समुद्रातला त्यांचा मोठा पसारा नंतर झाला.

दुसरा साक्षीदार शरीर. इथे स्कोपेलॉइडिसची बाजू भक्कम आहे, कारण त्याच्या चांगल्या नमुन्यांत पोटाच्या कडेनं प्रकाशअवयव दिसतात. खुल्या समुद्रात दोनचारशे मीटर खाली वरून अंधूक उजेड येतो. खालून पाहणाऱ्या भक्षकाला माशाची काळी सावली दिसते. पोटाखालचे दिवे वरच्या उजेडाइतकेच मंद पेटले की सावली पुसली जाते. म्हणून हे दिवे पाठीवर नसतात, पोटावर रांगेत असतात. दगडात ते काळसर गोल ठिपक्यांसारखे उरतात.

इथे ती मँगनीजची नक्षी आठवा. दगडावरचा प्रत्येक काळा ठिपका दिवा नसतो. मी तीन गोष्टी बघतो. ठिपके ठरावीक अंतरानं रांगेत आहेत का? ती रांग माशाच्या अंगाची कड धरून जाते, की अंग संपल्यावरही पुढे दगडावर पसरते? आणि दुसऱ्या नमुन्यात तोच ठिपका त्याच मणक्याखाली येतो का? तिन्ही जुळलं तरच तो अवयव. जिवंत कंदीलमाशांत ही मांडणी इतकी पक्की असते की जात ओळखायला तीच वापरतात. रांगेत एक दिवा जरा वर सरकलेला असला तरी जात वेगळी ठरू शकते.

तरीही दिवे दिसले म्हणून मी लगेच 'खोल' लिहीत नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मिडशिपमन नावाचा मासा आहे. त्याच्या पोटावर दिव्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा आहेत, आणि तो अंडी घालायला ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांखाली येतो. म्हणजे दिव्यांचा अर्थही बाकीच्या शरीराबरोबरच लावायचा: डोळे किती मोठे, हाडं किती नाजूक, तोंड कसं, अंग तळावर बसणाऱ्याचं की पाण्यात तरंगणाऱ्याचं. स्कोपेलॉइडिस सडपातळ, नाजूक हाडांचा, मोठ्या तोंडाचा आणि पोटावर दिवे असलेला आहे. त्याच्या शरीरात तळावर बसणाऱ्या माशाचं काहीच नाही.

तिसरा साक्षीदार दगड, आणि माझा सगळा जन्म त्याच्याबरोबर गेला. ग्लारुसबरोबरच पोलंड आणि रोमानियाच्या कार्पेथियन पर्वतांत, कॉकेशसमध्येही याच काळातले काळे, पानापानांचे शेल, म्हणजे बारीक चिखल घट्ट होऊन झालेले दगड आहेत आणि त्यांत स्कोपेलॉइडिस मिळतो. दगड काळा आणि पानांसारखा का? कारण तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता. किडे नाहीत, खेकडे नाहीत, गाळ उकरणारं कुणी नाही. त्यामुळे वर्षानुवर्षांचे पातळ थर जसेच्या तसे राहिले आणि वरून पडलेला मासा कुणी फाडला नाही.

यावर मुलगी म्हणेल, मग काळा दगड म्हणजे खोल पाणी? तिला ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी न्या. तिवरांच्या कडेला काठी खुपसा. वरचा चिखल करडा-तपकिरी, आणि चार बोटं खाली कोळशासारखा काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. तोही प्राणवायूविनाच काळा झालेला, आणि वर पाणी किती? ओहोटीत काहीच नाही. काळा रंग फक्त प्राणवायूबद्दल बोलतो, खोलीबद्दल नाही.

खोलीबद्दल बोलतात ते त्या दगडातले बारीक जीव. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं वाळूच्या कणाएवढी असतात. काही जाती पाण्यात तरंगतात, काही तळावर राहतात. किनाऱ्याजवळच्या गाळात तळावरच्यांचं प्रमाण जास्त असतं. जसजसं खुल्या समुद्रात जाल तसं तरंगणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं. नमुन्यातली कवचं मोजायची, दोन ढीग करायचे, प्रमाण काढायचं. तळाला प्राणवायू नसेल तर तळावरचे जीव तसेही नसतात, म्हणून तिथे हा हिशोब जपून करावा लागतो आणि प्राणवायू असलेले वरचे-खालचे थरही तपासावे लागतात. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं या दोन ढिगांत गेली.

मग सोबत कोण सापडतं ते पाहायचं. पोलंडच्या आना येझमान्स्का यांनी कार्पेथियन शेलमधल्या माशांवर आयुष्यभर काम केलं आणि भूशास्त्रज्ञ कोटलार्चिक यांच्याबरोबर थरामागून थर त्यांची यादी लावली. काही थरांत दिव्यांचे मासे भरपूर, काही थरांत किनाऱ्याकडचे मासे जास्त. समुद्र खोल-उथळ होत गेला त्याची ती नोंद आहे. पण एक कोडं होतं: दिव्यांच्या माशांबरोबर नळीमासेही मिळत होते, आणि नळीमासे तर किनाऱ्यावरच्या समुद्री गवतात राहतात. मग खोली कुठली मानायची? १९७६ मध्ये त्या दोघांनी वेगळा विचार मांडला. आज अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात तरंगत्या शेवाळाच्या तराफ्यांवर नळीमासे खुल्या महासागरात राहतात. तसे तराफे तेव्हाच्या टेथिस नावाच्या, आज नाहीशा झालेल्या समुद्रावर असतील, तर वर शेवाळातले मासे, खाली अंधारातले मासे, आणि मेल्यावर दोघंही एकाच तळावर. मला हा विचार फार आवडतो, कारण त्यांनी न जुळणारा पुरावा बाजूला टाकला नाही, त्याच्यासाठी जागा शोधली.

यातून 'खोल समुद्रातला' या शब्दांचा खरा अर्थही स्पष्ट होतो. जीवाश्म मिळतो तळावर, पण मासा तळावर राहत नव्हता. तो मधल्या पाण्यात राहायचा आणि मेल्यावर खाली पडला. मधल्या पाण्यात राहणारे पुष्कळ मासे रोज वर-खाली करतात: दिवसा काहीशे मीटर खाली, रात्री खायला पृष्ठभागाजवळ. दुसऱ्या महायुद्धात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणाऱ्या सोनार यंत्रावर समुद्राच्या मध्येच खोटा तळ दिसू लागला आणि संध्याकाळी तो वर सरकायचा. तो माशांचा आणि इतर जिवांचा थर होता. हे आपल्या दारातही चालतं. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू अतिशय कमी आहे, आणि कंदीलमासे दिवसा त्याच पट्ट्यात उतरून बसतात, जिथे त्यांचे बहुतेक शत्रू फार वेळ थांबू शकत नाहीत. हा पट्टा जिथे समुद्राच्या उताराला टेकतो, तिथे आजही काळसर गाळ साचतो आहे.

तर स्कोपेलॉइडिसबद्दल माझं मत सांगतो. नातं, शरीर आणि दगड तिन्ही एकाच दिशेनं बोलतात, म्हणून तो मोकळ्या समुद्राच्या मधल्या, अंधाऱ्या थरातला मासा होता हे मी लेखी द्यायला तयार आहे. तो किती मीटरवर राहायचा हा आकडा मात्र कुणी छापला असेल, तर तो आजच्या नातेवाइकांवरून उचललेला आहे, दगडातून आलेला नाही, असं मुलीला सांगा.

आणि तिला हाताला काही हवं असेल तर पुढच्या बाजाराला ढोमा घ्या. डोकं टाकू नका. उकडून घ्या, थंड होऊ द्या, मग कवटी मधोमध उभी फोडा. मेंदूच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा, जड, चिंचोक्यासारखा गुळगुळीत दगड मिळेल. हा कानातला दगड, ओटोलिथ. मासा तोल आणि आवाज यांच्यासाठी तो वापरतो. ढोम्यात तो मोठा असतो, म्हणून सुरुवातीला सोपा. दगडाचा आकार प्रत्येक जातीचा वेगळा, आणि बारीक कानसेनं घासून दहापट भिंगाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. कंदीलमाशांचे बहुतेक जीवाश्म म्हणजे अख्खे सांगाडे नाहीतच, असे सुटे कानदगड आहेत, वाळूच्या दाण्याएवढे. कित्येक नामशेष प्रजातींची नावं फक्त त्यांच्यावरून दिलेली आहेत. विहिरीच्या चुऱ्यात फोरामिनिफेरा टिपताना मला ते अधूनमधून दिसायचे. ब्रशाच्या टोकावर घेऊन मी ते वेगळ्या खाचेत ठेवायचो, कामाचा भाग नसला तरी.

ढोम्याचे दोन दगड सुकले की कागदात गुंडाळून त्यावर मासा, तारीख आणि कुठून घेतला ते लिहून ठेवायला सांगा. नंतर बोंबलाचेही काढून बघा. ते खूपच लहान आणि नाजूक निघतील, म्हणून तिथे चिमटा नको, ओला ब्रश घ्या.